स्प्रिंगची आंघोळ

माझा हात लागला म्हणून त्यांनी स्प्रिंगला आंघोळ घातली.

थट्टा नाही. खरीखुरी आंघोळ. बदना, म्हणजे तोटीचा लोटा, भरून पाणी, वरच्या आकड्यापासून खालच्या वजनापर्यंत, एकेका वेढ्यावरून, सावकाश. आमच्या वस्तीत बाळंतिणीला एवढं पाणी मिळत नव्हतं. नवरदेवाला मिळत नव्हतं. त्या लोखंडाच्या तारेला मिळालं.

शाळा उस्मानाबादेतली. गावाला आम्ही धाराशिवच म्हणायचो. शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतील, ती एक शाळा तसली होती. आणि बाकीच्या सुटतील.

मी दहावीत. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. निजाम जाऊन, मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन, पुढं महाराष्ट्र होऊन सगळं उरकलं होतं. कायद्यानं विटाळही उरकला होता. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तसं हातभर अक्षरात रंगवलेलं होतं. आमच्या वस्तीनं देव पाटीत भरून ओढ्याला सोडले होते. पण शाळेत आमची जागा त्याच रंगवलेल्या भिंतीखाली. सगळ्यात मागं.

विज्ञानाला धारूरकर सर. तुळजापूरकडचं भिक्षुकाचं घराणं, कपाळाला गंध, अंगात काळा कोट, खाली धोतर. आणि नाकात तपकीर. सरांची शिंक म्हणजे धरणीकंप. एकदा त्या शिंकेनं आठवडी बाजारातले बैल दावी तोडून थेट जिल्ह्याच्या टोकाला वाशीपर्यंत पळाले, असं मी राहायचो त्या बोर्डिंगात शपथेवर सांगायचो. शिंक झाली की सर दोन बोटांनी नाक पुसायचे, बोटं धोतराला लावायचे आणि त्याच बोटांनी स्प्रिंग धरायचे. वेढ्यावेढ्यात ती तपकीर बसलेली. ओली, काळपट, चिकट. त्या बोटांनी स्प्रिंग बाटत नव्हती.

त्या दिवशी सरांनी स्टँडला स्प्रिंग टांगली. खाली वजन अडकवलं. वजन जरा खाली ओढलं आणि सोडलं. वर, खाली. वर, खाली. अख्खा वर्ग मान हलवायला लागला, नंदीबैलासारखा.

"याला दोलन म्हणतात," सर म्हणाले. "थोडं ओढा, जास्त ओढा, एका हेलकाव्याला वेळ तेवढाच लागतो. हा सृष्टीचा नियम आहे. आता एकेकानं यावं आणि पाहावं."

देशमुखाच्या दिनकरनं ओढलं. वाण्याच्या पोरानं ओढलं. सगळ्यांचं झालं. मी उठलो. कुणी नको म्हणालं नाही, म्हणून उठलो. वजन धरलं. गार होतं. ओढलं, सोडलं.

"अरे! अरे! अरे!"

पायाशी साप निघावा तसे सर मागं उडाले. कपाटावर आदळले.

"इस्माईल! पाणी आण!"

इस्माईलचाचा शाळेचा शिपाई. बदना घेऊन धावत आला. त्याला वाटलं आग लागली. सर त्याच्या हातचं पाणी कधी पीत नसत. तहानेनं जीभ टाळूला चिकटली तरी घरी जाऊन प्यायचे. पण माझा विटाळ धुवायला त्याचं पाणी चाललं. गंगा कुठंही उगवते.

चाचानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा स्प्रिंगकडं.

"किसपे डालूं मास्टर? छोरेपे के तारपे?"

"तारेवर!"

वर्ग खदखदला. दिनकर ओरडला, "सर, साबण लावा की!"

चाचा ओतत होता. पाणी निथळत होतं. आणि ते वजन काही थांबलं नव्हतं. पाण्याखालीही वर, खाली. वर, खाली. माझ्या जिभेला लहानपणापासून हाड नाही. मी विचारलं, "सर, कुणी ओढलं, त्यावर वेळ बदलतो का?"

सरांनी चिमूटभर तपकीर ओढली. नाक पुसलं.

"फार शहाणा झालास. मागं जाऊन बस."

उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

मग ती रीतच पडली. मी शेवटी. माझ्यानंतर पाणी. पुढं पुढं तर विज्ञानाचा तास आला की चाचा न सांगता बदना घेऊन दाराशी उभा राहायचा. तराजूची पारडी धुतली. भिंग धुतलं. ती काच, ते पितळ, त्यांना काय होतंय? पण धारूरकर सरांचा जीव त्या स्प्रिंगवर. हैदराबादहून आलेली, पेटीवर उर्दू अक्षरं. त्यांना दुसरं काही शिकवता येत नव्हतं की काय कोण जाणे. प्रकाशाचा धडा असो की उष्णतेचा, फिरून फिरून स्प्रिंग टांगायचे. आणि फिरून फिरून तिला न्हाऊ घालायचे. बायको-पोरांना ते एवढ्या वेळा न्हाऊ घालत नसतील.

तुम्ही म्हणाल, लेका, मग तू हात लावायचाच कशाला?

सांगतो. माझं गाव बेंबळीच्या पलीकडं. मी लहान असताना आमच्या ओढ्यावर पूल बांधायला एक ओव्हरसियर आला होता. खाकी टोपी, हातात टेप. दुपारच्या उन्हात तो टेप लावत फिरायचा आणि आमचा पाटील, ज्याच्या समोरून आम्हाला पायतान घालून जाता येत नव्हतं तो पाटील, त्याच्यामागं छत्री धरून फिरायचा. माझा बाप पाटीत दगड वाहत होता. मी बापाकडं बघितलं नाही. छत्रीकडं बघितलं. तेव्हाच ठरवलं, पाटलानं एक दिवस माझ्यामागं छत्री धरायची. पाऊस नसला तरी. रात्री सुद्धा.

ओव्हरसियरच्या कोर्सला विज्ञान लागायचं. आणि विज्ञानाला हातानं प्रयोग लागायचा. विज्ञान गेलं की पूल गेला, टोपी गेली, छत्री गेली. म्हणून हात लावायचो. म्हणून पाणी सोसायचो.

बोर्डिंगात आम्ही सगळी आमच्यासारखीच पोरं. तिथं मी त्याची गोष्ट करून सांगायचो. म्हणायचो, "माझा विटाळ लई जालीम हाय गड्यांनो. एका बदन्यात मावत न्हाय. उरल्याला मोरीतनं तेरणेत जातो, तेरणेतनं मांजरेत, मांजरेतनं गोदावरीत. तिकडं आंध्रात भट आंघोळीला उतरल्याले, समदे येकदम वरडत्यात, ह्ये पाणी कुणी बाटिवलं रं!" पोरं लोळून हसायची. मीही हसायचो. हसून झालं की तोंडात तपकिरीची चव यायची. मी थुंकायचो. जायची नाही.

तोवर स्प्रिंग तांबूस व्हायला लागली होती. आधी वरचा आकडा. मग वेढे. ओढली की कुरकुरायची. हाताला तपकिरी भुकटी लागायची. सर ती धोतरानं पुसायचे आणि म्हणायचे, "हवा दमट आहे."

धाराशिवात! जिथं उन्हाळ्यात कावळा पाणी पाणी करत झाडावरून सरळ खाली पडतो, तिथली हवा दमट. पण सरांना बदना आठवला नाही. ज्यानं शुद्ध होतं त्यानं लोखंड नासतं, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. पाणी त्यांच्या पुस्तकात एका पानावर होतं आणि पोथीत दुसऱ्या. दोन पानं त्यांनी कधी एकमेकांना लावून बघितली नाहीत.

मग शाळा तपासायला साहेब आला. पुण्याकडचा, डोक्याला साहेबी टोप, पायात बूट, गोड बोलणारा. हेडमास्तर त्याच्या डाव्या बाजूला, धारूरकर सर उजव्या. सरकारनं आमच्यासारख्या पोरांसाठी काय केलं ते त्याला बघायचं होतं. म्हणून वर्गात शिरताच सरांनी आमच्या भिंतीकडं हात केला.

"ये, ये बाळ. पुढं ये."

मी मागं वळून बघितलं. कुणाचा बाळ आलाय म्हणून. सर वर्षभर मला 'ए' म्हणत होते.

स्टँडवर स्प्रिंग होती. साहेबावर छाप पडावी म्हणून सरांनी आज पेटीतलं सगळ्यात जड वजन काढलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं अडकवलं. स्प्रिंग ताणली, कण्हल्यासारखी वाजली. मला ते ऐकू आलं. सरांना नाही. ते साहेबाकडं बघून हसत होते.

"आमच्याकडं सर्व मुलं बरोबरीनं प्रयोग करतात साहेब. भेदभाव म्हणून नाही."

दाराशी इस्माईलचाचा सवयीनं बदना घेऊन उभा होता. हेडमास्तरांनी डोळे वटारले तसा तो भिंतीआड झाला.

"ओढ बाळ," सर म्हणाले.

ओढलं. रोज ओढायचो तेवढंच. आकड्याखालचा वेढा कट्‌ करून तुटला. वजन थेट साहेबाच्या बुटावर. साहेब असा उडाला की त्याचा टोप आढ्याला लागून आला. बरं, आढ्याला नाही. पण माझ्या टाळूच्या वर नक्की गेला. एका पायावर तो लंगडी घालत होता आणि पुण्याचं गोड तोंड आई-माईवर आलं होतं.

आणि धारूरकर सर काय म्हणाले? शब्द जसेच्या तसे सांगतो.

"ढोरं ओढायचे हात हे. यांना नाजूक वस्तू द्यायचीच कशाला?"

साहेब खुर्चीवर बसून पाय चोळत होता. त्याला परत गोड बोलायची आठवण झाली. म्हणाला, "जाऊ द्या हो. या मुलांना सवय नसते. दया केली पाहिजे."

सरांचे शब्द लागले. साहेबाचे नासले. कानात किडा जावा तसे गेले आणि आतच मेले. अजून तिथंच सडतायत.

संध्याकाळी हेडमास्तरांनी बोलावलं. सोमवारी प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढं उभं राहायचं. हातात ते तुकडे घ्यायचे, सगळ्यांना दिसले पाहिजेत. म्हणायचं, माझ्या हलगर्जीपणानं शाळेची वस्तू मोडली, मला क्षमा करा. सरांच्या पाया पडायचं. नाही पडलास तर विज्ञान बंद, भूगोल घे. बोर्डिंगलाही कळवतो.

रविवारी बाजार. आय सरपणाची मोळी घेऊन आली होती. मोळी विकून ती पारावर टेकली आणि मी तिला सगळं सांगितलं. थापा न घालता सांगितलं, म्हणून तिला आधी खरंच वाटेना.

"मंग म्हण की रं ल्येकरा, माज्या हातनं मोडली म्हनून," आय म्हणाली.

"पर न्हाय मोडली ना माझ्या हातनं."

"आरं, तोंडातनं शबुद गेला म्हंजी काय अंगातनं रगत जातंय व्हय? आमी जल्मभर जोहार घाटला. म्येलो का?"

"तुम्ही देव सोडले ना गं ओढ्याला? मग?"

"देव सोडाय काय लागतंय? दगूड त्यो. मास्तर बोलतोय, दगूड बोलत न्हाय." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "शिकायचं हाय का न्हाय तुला? मंग वाकून जा. उंट बी वाकतो."

मी म्हणालो, "म्हणतो."

खोटं नाही बोललो. खरंच म्हणणार होतो. वाटेनं वाक्य घोकलं. माझ्या हलगर्जीपणानं. माझ्या हलगर्जीपणानं. हलगर्जीपणानं हा शब्द लई लांब आहे. ज्यानं तो केला त्याला म्हणायला सोपा जात असेल.

सोमवारी सकाळी तुकडे मागायला इस्माईलचाचाकडं गेलो. त्यानं ते मागच्या उकिरड्यावर टाकले होते. मी उचलले. पहिल्यांदाच ती स्प्रिंग माझ्या हातात अशी आली, की पुढं कुणी ओरडणारा नाही, मागं कुणी पाणी ओतणारा नाही. नीट बघितली. जिथं तुटली तिथं तार सुतासारखी बारीक झालेली. गंजानं आतून खाल्लेली. बोटानं चोळली तर पापुद्रे निघाले. वेढ्यांच्या फटीत सरांची तपकीर, गंजात कालवून घट्ट बसलेली. शेंबडासकट. माझा अख्खा तळवा तांबडा झाला. मला ओकारी आली. उकिरड्यावरच बसून ओकलो.

ही माझ्या हातानं मोडली नव्हती. माझा हात धुऊन काढता काढता मोडली होती.

"चाचा," मी म्हणालो, "वर्षभर पाणी तुम्हीच वतलंय. सांगताव का तसं प्रार्थनेला?"

चाचानं बदना खाली ठेवला. परत उचलला.

"मेरेकू बीच में मत ला बेटा. बोले तो मैं डाला. पानी मेरा, हुकूम उनका. बालबच्चेवाला आदमी हूँ मैं."

मी तुकडे घेऊन निघालो. वाकायला शिकवणारे सगळे माझ्यावर माया करणारेच होते. त्याचीच जास्त शिसारी आली.

प्रार्थना झाली. हेडमास्तरांनी मला ओट्यापाशी बोलावलं. धारूरकर सर ओट्यावर उभे. एक पाय त्यांनी वहाणेतून आधीच काढून ठेवला होता. नमस्कार घ्यायला. टाचेला भेगा, भेगांत काळं. मी दोन पावलं पुढं झालो तसे सर हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले:

"लांबूनच. शिवू नकोस."

बघा. पाया पडायचं, पण पायाला हात लावायचा नाही. माफी पाहिजे, पण ज्या तोंडातनं येते त्याचा वारा नको. तोवर माझ्या जिभेवर 'हलगर्जीपणानं' तयार होता. तो त्या उघड्या पायाकडं बघून परत घशात गेला.

मी वाकलो नाही. तळवा उघडला. वर केला. मागच्या रांगेला दिसंल एवढा वर.

"ही स्प्रिंग माझ्या हातानं मोडली न्हाय," मी म्हणालो. "मी शिवलो की तुम्ही पाणी वतलं. पाण्यानं गंजली, गंजानं तुटली. मी माफी मागणार न्हाय."

कथेत अशा वेळी टाळ्या पडतात. मी स्वतः सांगताना कितीदा पाडल्यात. खोटं आहे. एकानंही टाळी वाजवली नाही. आमच्या बोर्डिंगातली पोरंही पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी. चाचा दिसेनासा झालेला.

मी तुकडा सरांपुढं धरला. "हात लावून बघा सर. आकड्यापाशी."

सर मागं सरकले. भिंतीपर्यंत. विज्ञानाचे मास्तर, हातावरचा पुरावा बघायला पुढं झाले नाहीत. हेडमास्तर खाली आले आणि माझ्या कानफटात बसली. त्यांना मला शिवावं लागलं. नंतर ते आंघोळीला घरी गेले, हे मी रचून सांगत नाही. पहिला तास त्यांचाच होता. तो झाला नाही.

विज्ञान बंद झालं. भूगोल मिळाला.

गावभर मात्र ती गोष्ट झाली. पोरांनी घरी सांगितली, घरच्यांनी बाजारात. काही दिवसांनी नवी स्प्रिंग आली. चकचकीत. विज्ञानाचा तास होता, मी भूगोलातून उठलो. सरळ प्रयोगशाळेत गेलो. सर अजून स्टँड मांडत होते. कुणाचाही हात लागायच्या आधी मी पुढं होऊन वजन धरलं. ओढलं. सोडलं. शेवटी नाही. पहिला.

"इस्मा..." सर ओरडले. आणि थांबले.

दाराशी चाचा, हातात बदना भरलेला. समोर नवी स्प्रिंग, वर, खाली, वर, खाली. पाणी ओतावं तर गंजणार, आता सगळ्या गावाला ठाऊक. न ओतावं तर बाटलेली. दिनकर आणि सगळा वर्ग सरांच्या तोंडाकडं बघतोय. सरांच्या नाकातून तपकिरीचं पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचेना.

शेवटी त्यांनी काय केलं? धोतराच्या सोग्यात धरून स्प्रिंग काढली. कपाटात ठेवली. कुलूप लावलं. त्या वर्षी ती परत बाहेर निघाली नाही. देशमुखाच्या पोराला नाही, वाण्याच्या पोराला नाही, कुणालाच नाही. पोरं अडाणी राहिली तरी चालतील, पण माझ्या हातानंतर त्यांचा हात नको. एवढी घाण मी उकिरड्यावर सुद्धा बघितलेली नाही.

पुढं ओव्हरसियर झालो का, ते मला विचारू नका. विचारलंत तर मी थाप मारीन, आणि तुम्ही छत्रीसकट ती खरी मानाल.

खरं एवढंच. त्या दिवसापासून मी शेवटी हात लावायचं सोडलं. विहिरीला, ओट्याला, पुस्तकाला, खुर्चीला, पहिला हात माझा. कुलूप असंल तर कुलपाला. तुम्हाला धुवायचं असंल तर धुवा. अख्खी दुनिया धुऊन काढा. गंजली तर ती तुमच्या पाण्यानं गंजंल. तुटून तुमच्याच पायावर पडंल.

मी हात मागं घेणार नाही.